एनॉक बिझेलची स्कपरनाँग

बाल्टिमोर
१४ जुलै १९८६

हेटी वहिनी,

तू ख्रिसमसला पाठवलेली बाटली परवा उघडली. सहा महिने ती कपाटात पडून होती आणि तशीच राहिली असती, पण जत्रा भरवणाऱ्या आल्टन टीचीचं पत्र आलं. यंदा काउंटीच्या जत्रेत घरगुती पांढऱ्या वाइनला बाहेरचा परीक्षक हवाय म्हणे. नाहीतर दरवर्षी परीक्षक आणि स्पर्धक एकमेकांचे साडू निघतात! गेली अठरा वर्षं या हॉटेलात कुठली वाइन आत यायची आणि कुठली दारातूनच परत जायची हे मी ठरवते, हे त्याला कुणीतरी सांगितलं. मी हो म्हटलं. मग वाटलं, दहा वर्षं लागोपाठ पहिल्या नंबराची निळी फीत पटकावणारी आपली वहिनी तरी काय करते ते बघावं.

आमच्या मुख्य वाढप्याला म्हटलं, पाच पेले भर, कशात काय ते मला सांगू नको. तुझी एक, बाकी चार कॅरोलिनाहून मागवलेल्या, सगळ्या आपल्याकडच्या मस्कडाइन द्राक्षांच्या. तीन दिवस, रोज वेगळ्या क्रमाने. तिन्ही दिवस तुझ्या पेल्यातल्या द्राक्षाला मी एकच नाव दिलं, आणि ते स्कपरनाँग नव्हे. ते कार्लोस आहे. सरकारी शेतकी केंद्रात तयार झालेलं, पोत्याने पिकणारं, शेजाऱ्याच्या शेजाऱ्याकडेही असतं ते कार्लोस. वर तू त्यात इतकी साखर घातलीस की मुंग्यासुद्धा आधी डॉक्टरला विचारतील.

बाटलीवर तू लिहितेस, 'एनॉक बिझेलची स्कपरनाँग'. माझ्या बापाचं नाव! आमच्या मांडवावरची वेल पणजोबांनी लावलेली, खरी स्कपरनाँग होती. तिच्या नावाखाली तू गावाला कार्लोस पाजतेस. बाबांचं नाव त्या बाटलीवरून काढ. जत्रेच्या आधी काढलंस तर मी कुणापाशी बोलणार नाही.

झेल्मा


टीची क्रॉसरोड्स
२२ जुलै १९८६

झेल्मा,

पत्र पोचलं. उंटावरून शेळ्या हाकायची तुझी सवय तीस वर्षांत गेली नाही, हे वाचून बरं वाटलं. माणसाचं काहीतरी टिकून राहावं.

तू वाइन तोंडात घेतेस, खुळखुळवतेस आणि थुंकतेस, असं आल्टन सांगत होता. मी त्याला म्हटलं, अरे, आमची म्हातारी गाय आजारी पडली की असंच करते, तिला कुणी पगार देत नाही. इथे लोक वाइन गिळतात. पाद्री ग्रेडीसुद्धा गिळतो. दारू पाप आहे म्हणून तो दर रविवारी घसा कोरडा करतो आणि सोमवारी त्या घशासाठी माझ्याकडून दोन बाटल्या नेतो. त्याने कधी विचारलं नाही की बाई, ही स्कपरनाँग की आणखी काय. इथे तांबूस-सोनेरी मणी दिसला की सगळे त्याला स्कपरनाँगच म्हणतात. तूही म्हणायचीस, नाकाने कांदे सोलायला लागायच्या आधी.

वेलीबद्दल म्हणशील, तर ही बाटली घरामागच्या वेलीची आहे आणि ती वेल तुझ्या बाबांच्या हातची आहे. यापलीकडे मला काही सांगायचं नाही.

आणि नावाबद्दल. मला मूल नाही, तू लग्न केलं नाहीस, तुझा दादा रफिन जाऊन दोन वर्षं झाली. या काउंटीत बिझेल हे नाव आता दोनच ठिकाणी वाचायला मिळतं: चर्चमागच्या थडग्यांच्या दगडांवर आणि माझ्या बाटल्यांवर. दगडांपाशी कुणी जात नाही. रफिनच्या दफनाला तू सकाळी आलीस ती परतीचं तिकीट पर्समध्ये घेऊन. चर्चच्या हॉलात टेबलावर पिठाच्या पट्ट्या घातलेली वाफाळती चिकन पेस्ट्री होती, तिला तू हातही लावला नाहीस. असल्या बाईने मला बिझेल हे नाव कुठे लावायचं आणि कुठून काढायचं ते शिकवू नये.

हेटी


बाल्टिमोर
३ ऑगस्ट १९८६

श्रीमती हेटी बिझेल यांस,

तुझ्याच पत्रात तू सापडलीस. 'बाबांच्या हातची' वेल म्हणतेस. आमची वेल बाबांच्या हातची नव्हतीच. ती त्यांच्या आजोबांनी लावली होती. बाबा आम्हाला तिच्याखाली उभं करून तिच्या खोडाला हात लावायला लावायचे, बायबलला लावावा तसा. तू त्या घरात लग्न होऊन आलीस. मी जन्मले.

आता मला सगळं दिसतंय. ती वेल मेली. कधी मेली ते मला माहीत नाही, मला कुणी कळवलं नाही. मग दादाने कुठूनतरी कार्लोसचं रोप आणून लावलं आणि बाबांना, गावाला आणि मला फसवलं. दादाचा स्वभावच तो. कुंपण मोडलं तरी रंग देऊन उभं करायचा. आणि त्या खोटेपणावर तू दहा निळ्या फिती टांगल्यास.

ठीक आहे. आपण हे सगळ्यांसमोर मिटवू. जत्रेच्या दिवशी आल्टन पाच बाटल्या झाकून ठेवील. एक तुझी, एक खऱ्या जुन्या स्कपरनाँगची (ती तो बोफोर्टकडच्या कुणा म्हाताऱ्याकडून आणणार आहे), बाकी त्याच्या मर्जीच्या. कुठली कोणाची ते फक्त त्याला माहीत. मी एकेक ओळखीन. तुझी बाटली स्कपरनाँग निघाली, तर मी माइकवर माफी मागून परीक्षकपद सोडीन आणि पुन्हा कधी कुणाच्या वाइनला नाव ठेवणार नाही. कार्लोस निघाली, तर बाबांचं नाव तुझ्या बाटलीवरून कायमचं जाईल. कबूल असेल तर लिही.

झेल्मा बिझेल


टीची क्रॉसरोड्स
११ ऑगस्ट १९८६

झेल्मा,

कबूल.

मी काही येणार नाही. गुडघा सुजलाय, आणि नणंदेला मोठ्या माणसांसमोर चूळ भरताना बघायला चार तास उन्हात बसावं इतकी माझी करमणुकीची उपासमार झालेली नाही. बाटली आल्टनकडे दिली आहे. बुचावरचं सील तो स्वतःच फोडील.

एक सांगते, ते नीट वाच. तू जिंकलीस तर नाव काढीन. शब्द दिला की दिला. पण द्राक्ष ओळखून झालं की तिथेच थांब. पुढचा प्रश्न विचारू नको. ही कार्लोस आली कुठून, कुणी लावली, का लावली, यात जाऊ नको. मी कुणालातरी वचन दिलंय आणि आजपर्यंत पाळलंय. आणि रफिनला मध्ये ओढू नको. त्याला उत्तर देता येत नाही, म्हणून तुझा जोर.

तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे. लहानपणी तुझे केस विंचरताना मी म्हणायचे, मान हलवू नको, आणि तू हलवायचीसच. मग ओरडायचीस की वहिनी मुद्दाम ओढते.

हेटी


बाल्टिमोर
६ ऑक्टोबर १९८६

वहिनी,

आल्टनने तुला सांगितलं असेलच, पण आल्टन सांगतो त्यात अर्धा वेळ हवामान असतं, म्हणून मीच लिहिते.

बाटल्या झाकायला त्याने काय वापरलं असेल? स्वतःचे मोजे! पाच जाड, राखाडी, पायात घालायचे मोजे, प्रत्येकावर सेफ्टी पिनने आकडा टोचलेला. मी म्हटलं, "आल्टन, हे धुतलेत ना?" तो म्हणाला, "बाई, तुमचं नाक एवढं तिखट आहे, तुम्हीच सांगा." सगळे हसले. निम्मी काउंटी जमली होती. डुकराच्या मांसाची आणि व्हिनेगरची अशी घमघम सुटली होती की तिथे नाक चालवणं म्हणजे बँडच्या शेजारी बसून घड्याळाची टिकटिक ऐकणं. मी सगळ्यांना दहा पावलं मागे सरकवलं. पाद्री ग्रेडी पहिल्या रांगेत होता, अर्थातच निव्वळ देखरेखीसाठी.

पहिला पेला मॅग्नोलियाचा, तेही सरकारी केंद्राचंच द्राक्ष. रंग जवळजवळ पाण्याचा, मस्कडाइनचा तो उग्र वास दुरूनच हाक मारतो, घरात शिरत नाही. दुसरा पुन्हा मॅग्नोलिया, पण दुसऱ्या घरची, पिंप नीट न धुता भरलेली. तसं मी म्हटलं आणि मागच्या रांगेतली एक बाई उठून चालायला लागली, त्यावरून कुणाची ते सगळ्यांनाच कळलं. तिसरा नुसताच साखरेचा पाक, खाली कार्लोस. दुकानातली. चौथा हातात घेतला आणि वहिनी, खरं सांगते, मी तो पुन्हा एकदा नाकाशी नेला. ती स्कपरनाँग होती. गोड वास, पण सालीतून येणारा, ऊन खाल्लेल्या सालीतून. घोट गेला तरी मागे राहतो आणि डोक्यावर चढून बसत नाही. तीस वर्षांनी मी आमच्या मांडवाखाली उभी होते. मी म्हटलं, "ही जुनी वेल. ही खरी." आल्टनने मान हलवली.

पाचवा तुझा. तो वास थेट नाकावर येऊन बसला, कडेला तपकिरी झाक, आंबटपणा साखरेखाली गाडलेला. कार्लोस. चांगली केलेली, स्वच्छ, पण कार्लोस. आल्टनने मोजा काढला. आतून तुझं अक्षर आणि बाबांचं नाव बाहेर आलं. त्याने विचारलं, "बाई, नक्की?" मी म्हटलं, "तुझ्या आईची शपथ घालू का?" मग त्याने खिशातून तुझी चिठ्ठी काढून वाचली: 'कार्लोस आहे. ती बरोबर ओळखील.' तू त्याला आधीच लिहून दिलं होतंस! मला गावासमोर उभं करून ठेवलंस आणि उत्तर त्याच्या खिशात. हे असले डाव तुलाच सुचतात.

पाचही बरोबर. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. तिथे लोक ज्ञानाला घाबरतात, गाढवाला गुळाची चव काय. माइक माझ्या हातात होता. मग मी सांगून टाकलं: माझ्या भावाने वडिलांची वेल मरू दिली, नर्सरीतली आणून तिच्या जागी लावली आणि आमच्या बापाच्या नावावर गावाला पाजली. तू नको म्हणाली होतीस. पण खरं बोलायला तुझी परवानगी घ्यायची वेळ अजून माझ्यावर आलेली नाही.

मी मोटेलात उतरले होते. सकाळी घरावरून गाडी नेली, थांबले नाही. मांडव दिसला.

आता शब्द पाळ. आणि मला सांग: दादाने ती कधी आणली?

झेल्मा


टीची क्रॉसरोड्स
१२ ऑक्टोबर १९८६

झेल्मा,

शब्द पाळला. काल न्हाणीच्या टबात गरम पाणी भरलं आणि एकोणचाळीस बाटल्यांवरची लेबलं सोडवून काढली. बाबांचं नाव पाण्यावर तरंगत होतं, ते गाळणीने काढून चुलीत टाकलं. तुझं समाधान झालं असेल.

स्कपरनाँग लिहायचं ही माझी लबाडी होती, ती मी मान्य करते. कार्लोस लिहिलं असतं तर दुसरा नंबर आला असता, आणि रफिनला निळ्या फिती आवडायच्या. तेवढ्यापुरतं तू बोललीस ते बरोबर. बाकी उचलली जीभ लावली टाळ्याला. तू माइकवर माझ्या मेलेल्या नवऱ्याला खोटारडा म्हणालीस. पाद्री ग्रेडीची बायको तेव्हापासून माझ्याकडे बघताना मान वाकडी करते, जणू मीही शवपेटीत आहे. म्हणून आता मी वचन मोडते. ज्यांना दिलं होतं त्यांची माफी मी आज सकाळी त्यांच्या दगडापाशी जाऊन मागितली.

छप्पन्न-सत्तावन्नचा हिवाळा आठव. छाटणीचे दिवस. बाबांनी रफिनला मांडवावर चढवलं आणि तुला म्हणाले, तू आत जा, वहिनीला मदत कर. तू आत आलीस, पण कुणाला मदत केली नाहीस, ओट्यापाशी उभी राहून धुमसत होतीस. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या आधी, मी मांस तळत होते, खिडकीतून दिसलं: तू कुऱ्हाड घेऊन खुराड्यामागे. तिथे ती दुसरी वेल होती, कुंपणावरून पसरलेली, जिला कधी एक मणीसुद्धा धरला नाही. तू तिला आळशी म्हणायचीस. तू ती बुंध्यापासून तोडलीस, मुळापर्यंत खणून काढलीस, आणि घामाघूम होऊन आत आलीस. "बाबा, ती वांझ वेल मी काढली," म्हणालीस, "आता तिथे भोपळे लावा." अंगावर काय तेज होतं तुझ्या!

बाबा उठले, मागे गेले, परत आले. खुर्चीवर बसले. म्हणाले, "पोरी, हात धू आणि बिस्किट खा."

झेल्मा, ती वांझ नव्हती. ती नर होती. जुनी स्कपरनाँग बाईमाणूस आहे, तिची फुलं एकट्याने फळत नाहीत, जवळ नर वेल लागते. म्हणून पणजोबांनी दोन्ही एकाच दिवशी लावल्या होत्या. हे या भागातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण त्याने विचारलेलं असतं म्हणून. तू कधी काही विचारलंस? तुला सगळं आधीच माहीत असायचं. तू एप्रिलमध्ये बाल्टिमोरला गेलीस. मे महिन्यात मांडव फुलांनी भरला, आणि ऑगस्टमध्ये एवढ्या मोठ्या मांडवावर मी मणी मोजले, एक ओंजळ. ओढ्यापलीकडच्या रानवेलींचा जेवढा पराग वाऱ्याने आला तेवढेच.

बाबांनी आम्हा दोघांना स्वयंपाकघरात बोलावलं. म्हणाले, "पोर आपलं भलं करायला गेली होती. आधीच घरावर रुसून गेलीय. तिला हे कळलं तर ती या अंगणात पुन्हा पाय ठेवणार नाही. कुणी बोलायचं नाही. ती असेल तेव्हाही नाही, मी नसेन तेव्हाही नाही." तू तशीही पाय ठेवला नाहीस, पण ते त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

मग ते स्वतः शेतकी केंद्रात गेले आणि ओल्या पोत्यात गुंडाळून एक दाब कलम घेऊन आले. ते कार्लोस. म्हणजे कार्लोस हे नाव त्याला मागाहून पडलं, तेव्हा नुसता आकडा होता. नर वेल कुणी विकत देत नाही, आणि कार्लोसची फुलं नराचंही काम करतात. खुराड्यामागे, तू खणलेल्या खड्ड्यातच लावलं. दोन-तीन वर्षांनी जुनी वेल पुन्हा धरायला लागली आणि सत्तर सालापर्यंत धरत राहिली. एक्काहत्तरच्या वादळात पेकनचं झाड मांडवावर पडलं, ती बुंध्यात चिरली, आणि गेली. रफिनने तिच्या तुटक्या फांद्या मातीत दाबून बघितल्या, एकही जगली नाही. तुझ्या भावाने काय केलं म्हणालीस? तो आठवडाभर त्या फांद्यांना पाणी घालत बसला होता. तुला कळवायचं म्हणाला, तर बाबा म्हणाले, कळवलंस तर ती विचारील की दुसरी कुठून आली.

उरली ही एकटी. बाबांनी तिचाच मांडव केला आणि शेवटपर्यंत तीच छाटली. म्हणून मी लिहिलं की त्यांच्या हातची, आणि म्हणून त्यांचं नाव.

आता तू आलीस मोठी नाव ओळखणारी. पाच मोज्यांतून पाच नावं काढलीस. पण बाबांनी तिला कधी कार्लोस म्हटलं नाही. त्यांनी तिचं नाव झेल्मा ठेवलं होतं. रफिन म्हणायचा, "अहो बाबा, केंद्रवाल्यांनी हिचं नाव कार्लोस ठेवलंय." तर म्हणायचे, "सरकारला काय कळतंय. हिला कुणाची गरज लागत नाही. एकटी फुलते, एकटी फळते, आणि दुसऱ्यांनाही पिकवते. झेल्माच ही." शेवटच्या सप्टेंबरात अंथरुणावरून रोज विचारायचे, "झेल्मा कशी आहे?" मी सांगायचे, छान आहे, भरलीय. कुठली झेल्मा विचारताय, असं मी त्यांना कधी विचारलं नाही.

मला तुझी कीव येत नाही. राग येतो. बायकांनी, पुरुषांनी, सगळ्या जगाने तुझ्या जिभेला मान द्यावा, आणि त्या जिभेने तू स्वतःच्या घराची वेल चाखून तोंड वाकडं करावंस! द्राक्ष ओळखलंस. बाप नाही ओळखलास.

हेटी


टीची क्रॉसरोड्स
२१ नोव्हेंबर १९८६

झेल्मा,

सहा आठवडे झाले, तुझं पत्र नाही. तू गप्प बसलीस असं मी पहिल्यांदाच बघतेय आणि ते मला मुळीच सोसवत नाही. तू भांड तरी.

मी जरा जास्त लिहिलं असेल. म्हणजे खरं तेच लिहिलं, पण रफिन असता तर म्हणाला असता, हेटी, निम्मं पाणी घाल. बाबांनी मरेपर्यंत जे तुझ्यापासून लपवलं ते मी रागाच्या भरात टपालात टाकलं. यात माझी काही शोभा झाली नाही.

बाटल्यांवर आता काहीच नाही. आल्टन विचारत होता, पुढच्या जत्रेला नोंद कुठल्या नावाने करू? मी म्हटलं, जिने नाव काढायला लावलं तिला विचारते. तर विचारते आहे. काय लिहू?

हेटी


बाल्टिमोर
९ डिसेंबर १९८६

वहिनी,

तुझं ऑक्टोबरचं पत्र मी उभ्याने वाचायला घेतलं आणि खाली बसून संपवलं. त्यानंतर हॉटेलात आठ दिवस माझ्या जिभेला चवच नव्हती. फ्रान्सची एक भारी बाटली आली, मालकाने विचारलं कशी आहे, मी म्हटलं ओली आहे. तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

उत्तर देणार होते. चार वेळा लिहिलं. पहिल्यात तुला शिव्या होत्या, दुसऱ्यात बाबांना. तीस वर्षं मला वाटत आलं की बाबांनी मला आत पाठवलं कारण त्यांना मी नकोच होते, मांडवावर नाही आणि घरातही नाही. न्याहारीच्या टेबलावर ते वेलीबद्दल काही बोलले नाहीत तेव्हा मला वाटलं, एवढं काम केलं, साधं शाबास म्हणवलं नाही म्हाताऱ्याला. त्या एका शब्दासाठी मी घर सोडलं, वहिनी. हे कुणाला सांगायला लाज वाटते, पण ते तसंच आहे. आणि ते बिस्किट खा म्हणत होते.

तिसऱ्या पत्रात मी स्वतःला शिव्या दिल्या. त्या दमदार होत्या. तुला आवडल्या असत्या.

चौथं मी पाद्री ग्रेडीला पाठवलं आणि गेल्या रविवारी प्रवचनानंतर सगळ्यांसमोर वाचायला सांगितलं. तू गुडघ्यामुळे गेली नसशील तर तुला एव्हाना कुणीतरी सांगितलं असेल. त्यात लिहिलंय की माझा भाऊ खोटं बोलला नाही, मी बोलले, आणि माहिती नसताना बोलले. की आमच्या घरची नर वेल मी वांझ समजून कुऱ्हाडीने तोडली आणि वर भोपळे लावायला सांगितलं. ग्रेडीने मला कळवलं की भोपळ्यांपर्यंत सगळे गंभीर होते आणि मग मागच्या रांगेतून हसू फुटलं ते थांबेना. हसू दे. बाल्टिमोरची परीक्षक, आणि नर-मादी कळत नाही! ही गोष्ट ते माझ्या दफनाच्या दिवशीही सांगतील, आणि सांगू देत.

दादाबद्दल मी जे बोलले ते नुसत्या पत्राने पुसलं जाणार नाही. त्याच्या दगडापाशी मला स्वतःला जायचं आहे, ते ग्रेडीवर सोडायचं नाही.

आता आणखी एक, हे तुला माहीत नाही. तू दर ख्रिसमसला पाठवलेली बाटली मी यंदापर्यंत कधी उघडली नव्हती. मी त्या आमच्या आचाऱ्याला देत आले. तो त्यात डुकराची मांडी शिजवायचा आणि म्हणायचा, "बाई, ही तुमच्या घरची, तुम्ही घोटभर तरी घ्या." मी म्हणायचे, मला तिची चव माहीत आहे.

लेबलावर बाबांचं नाव परत लाव. त्याखाली खरं द्राक्ष लिही, कार्लोस. दुसरा नंबर आला तर येऊ दे. बाबांनी वेलीला ठेवलेलं नाव मात्र कुणाला सांगू नको, ते घरातच राहू दे.

फेब्रुवारीत छाटणी असते. दोन आठवड्यांची सुट्टी काढली आहे, खोली झाडून ठेव. तुझा गुडघा चढू देणार नाही, म्हणजे शिडीवर मीच. प्रत्येक फांदीला कात्री लावायच्या आधी मी खाली बघून तुला विचारीन, ही ठेवू का ही कापू? शंभर वेळा विचारीन. तू खालून उत्तर देत राहा, आणि वैतागू नको.

तुझी,
झेल्मा